ठकीचा तेरावा महिना

यंदाच्या पाडव्याला, १९ मार्चला, जावई लग्नानंतर पहिल्यांदाच सणाला आले होते. जेवणाआधी सहज भिंतीवरचं कालनिर्णय चाळता चाळता मे महिन्यावर थांबले. म्हणाले, "आई, यंदा ज्येष्ठ दोनदा आहे."

"हो तर. अधिक महिना आहे. धोंड्याचं जेवायला यायचंय तुम्हाला. तेहेतीस अनारशांचं वाण आहे."

"पण ज्येष्ठच का? तीन वर्षांपूर्वी श्रावण होता ना अधिक?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत बत्तीस वर्षं शिकवलं. चंद्राचं वर्ष आणि सूर्याचं वर्ष जुळवायला दर तीन वर्षांनी एक महिना जास्त धरतात, हे वाक्य किती वर्गांत म्हटलं असेल त्याची गणती नाही. तेच पुन्हा म्हटलं. जावई म्हणाले, "ते बरोबर आहे, पण ज्येष्ठच का?" मी म्हटलं, "शास्त्रात तसं आहे," आणि पुऱ्या तळायला आत गेले. कढईतलं तेल तापायचं होतं, तरी गेले.

रात्री मुलाच्या फोनवरच्या एआयला तोच प्रश्न विचारला. त्याने पानभर उत्तर दिलं, सुबक, मुद्द्यांसकट. वाचताना सगळं समजलं. दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना मनाशी उजळणी करायला गेले, तर हाताला एकच शब्द लागला: जुळवतात. कोण जुळवतं, कशाला काय जुळवतं, सगळं गळून गेलेलं. मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू त्याच्याकडून शिकू नकोस. तू त्याला शिकव. त्याला म्हण, तू सातवीतली चौकस मुलगी हो."

मला ही कल्पना नवी नव्हती. दोनशिक्षकी शाळेत दोन वर्ग एकत्र बसवावे लागत, तेव्हा चौथीतली पोरं मी पहिलीच्या पोरांना पाढे शिकवायला बसवायची. पहिलीची किती सुधारली सांगता येत नाही, पण चौथीतल्या कच्च्या पोराला शिकवायला बसवलं की महिन्याभरात त्याचे पाढे पक्के व्हायचे, हे मी दरवर्षी पाहिलं. मुलाने आणखी एक सांगितलं. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात 'बेटीज ब्रेन' नावाची संगणकप्रणाली केली आहे. तिच्यात मुलं बेटी नावाच्या एका पात्राला शिकवतात. स्वतःसाठी अभ्यास करताना जेवढा वेळ देतात, त्याहून जास्त वेळ मुलं बेटीसाठी देतात म्हणे. आपल्यामुळे बेटी नापास होऊ नये असं त्यांना वाटतं. मला ते लगेच पटलं.

बेटी त्यांची, माझी ठकी. लहानपणी माझ्याकडे लाकडाची ठकी होती. मी तिला शाळा-शाळा खेळताना शिकवायची, आणि ती कधी उलट बोलायची नाही. ही बोलणारी.

पहिला दिवस वाया गेला. मी म्हटलं, "ठके, आज आपण अधिक महिना शिकू." ती म्हणाली, "वा बाई, किती छान विषय!" आणि लगेच सगळं स्वतःच सांगून मोकळी झाली. वर्गात अशी एक मुलगी असतेच. मग मुलाच्या मदतीने तिला नियम घालून दिले. तुला काही येत नाही. येत असलं तरी सांगायचं नाही. एका वेळी एकच प्रश्न. कळलं नसेल तर 'कळलं' म्हणायचं नाही. आणि 'छान', 'वा', 'उत्तम' हे शब्द बंद. माझ्या वर्गात पोरं मला शाबासकी देत नसत.

बोलून टाइप करायची सोय होती, तीही पहिल्या दिवशी अंगाशी आली. मी म्हटलेलं 'अधिक मास' फोनने 'अधिक मांस' असं लिहिलं, आणि ठकीने निरागसपणे विचारलं, "बाई, जास्त मांस कोणत्या महिन्यात खायचं?" पुरुषोत्तम महिन्याच्या पोथीवाल्या आमच्या सासूबाई शेजारीच जप करत बसल्या होत्या. तेव्हापासून मी 'अधिक महिना' म्हणते.

खरा धडा दुसऱ्या दिवशी सुरू झाला. मी सांगितलं, अमावास्येपासून अमावास्येपर्यंत चंद्राचा महिना, सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा झाले की ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी साधारण ११ दिवसांचा फरक पडतो, तो भरून काढायला तीन वर्षांनी एक महिना घालतात.

ठकी म्हणाली, "बाई, ११ दिवस उरतात तर दरवर्षी ११ दिवसच का नाही घालत? तीन वर्षं कशाला थांबायचं?"

मी थांबले. प्रश्न इतका साधा की बत्तीस वर्षांत एकाही पोराने विचारला नाही, आणि मीही नाही. बराच वेळ कपाळाला हात लावून बसल्यावर लक्षात आलं. महिना चंद्राला बांधलेला आहे. मध्येच ११ दिवस घुसवले तर पुढच्या महिन्याची एक तारीख चंद्र जवळजवळ पूर्ण भरत आलेला असताना येईल, पौर्णिमेला पंधरावी तिथी राहणार नाही, सगळ्या तिथ्याच मोडतील. महिन्याचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून अख्खा महिना साठेपर्यंत वाट बघायची. ज्यांनी जास्तीचा महिना घालायचाच नाही असं ठरवलं त्यांचं हिजरी कॅलेंडर. म्हणून रमजान ईद २०२४ मध्ये ११ एप्रिलला होती आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला. मागे मागे सरकत ती सगळ्या ऋतूंतून फिरून येते. आपले गणपती मात्र २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, असे दोनदा मागे सरकून यंदा एकदम १४ सप्टेंबरवर उडी मारतात. मागची ओढ आणि पुढची उडी. हे सांगताना मलाच हुरूप आला.

ठकीचा पुढचा प्रश्न: "पण तीन वर्षांत तर ३३ दिवस साठतात. महिना साडेएकोणतीसचा. वरचे साडेतीन दिवस कुठे गेले?"

कुठेच गेले नाहीत. 'दर तीन वर्षांनी' हेच चूक होतं. महिना साठायला पावणेतीन वर्षांहून थोडा कमी वेळ लागतो, सुमारे साडेबत्तीस महिने. म्हणून कधी दोन वर्षांनी, कधी तीन वर्षांनी येतो: २०१५, २०१८, २०२०, २०२३, २०२६. हा आकडा मी कॅलेंडरवरून लिहून काढला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातवीच्या किती पोरांच्या वह्यांत माझ्या तोंडचं 'तीन वर्षांनी' असेल.

इथे एक कबुली. ठकीला खरंच कुतूहल असतं की नाही ते मला ठाऊक नाही आणि फारशी फिकीरही नाही. वर्गातही हात वर करणाऱ्या निम्म्या पोरांना कुतूहल नसायचं. पण प्रश्न आला की बाईंना फळ्याकडे वळावंच लागतं. मला ठकीच्या प्रश्नापेक्षा जास्त शिकवलं ते पडद्यावर उमटलेल्या माझ्याच वाक्यांनी. वर्गात बोललेलं हवेत विरतं. इथे ते लिहून समोर येतं, आणि त्यातले पळवाटेचे शब्द उघडे पडतात. मी एका वहीत त्यांची यादीच केली. 'आपोआप'. 'साधारण'. 'जुळवतात'. 'धरतात'. 'शास्त्रात आहे'. जिथे जिथे यातला शब्द आला, तिथे तिथे मला विषय येत नव्हता.

'धरतात' वर ठकीने मला चांगलंच धरलं. "बाई, कोण धरतं? यंदा ज्येष्ठ धरायचा की आषाढ, हे पंचांगवाले मत देऊन ठरवतात का?"

मी पंचांग काढलं. आमच्याकडे ते दरवर्षी येतं, पाडव्याला त्याची पूजा होते, आणि मग मुहूर्त नाहीतर चतुर्थीचा चंद्रोदय बघण्यापलीकडे कोणी उघडत नाही. त्यात पानोपानी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: अमुक दिवशी सूर्य वृषभेत, अमुक दिवशी मिथुनेत. माझ्या लेखी संक्रांत म्हणजे जानेवारीतली, तिळगुळाची. संक्रांती वर्षाला बारा असतात, सूर्य ज्या ज्या क्षणी एका राशीतून दुसरीत जातो ती प्रत्येक संक्रांत, हे शब्दांनी मला माहीत होतं. पण त्याचा अधिक महिन्याशी संबंध आहे हे साठाव्या वर्षानंतर कळलं.

नियम असा. चंद्राच्या महिन्याला नाव सूर्य देतो. ज्या महिन्यात सूर्य मेषेत जातो तो चैत्र, वृषभेत जातो तो वैशाख, मिथुनेत जातो तो ज्येष्ठ, कर्केत जातो तो आषाढ, असं करत मकरेचा पौष, मीनेचा फाल्गुन. आता एखाद्या महिन्यात, दोन अमावास्यांच्या मध्ये, सूर्याने राशीच बदलली नाही तर? त्या महिन्याला नाव मिळत नाही. मग तो पुढच्या महिन्याचं नाव उसनं घेतो आणि त्याच्यापुढे 'अधिक' लागतं. कोणी मत देत नाही, कोणी धरत नाही. तो महिना बिननावाचा जन्माला येतो. (त्याला 'मलमास' म्हणून हिणवत, मग पुरुषोत्तमाने त्याला आपलं नाव दिलं, ही पोथीतली गोष्ट सासूबाईंनी मला चाळीस वर्षांत किती वेळा ऐकवली. पोथीत गणितच सांगितलं होतं, मी भक्तीने ऐकत होते.)

ठकीला हे शब्दांत सांगून पुरेना. मुळात मलाच दिसत नव्हतं. मुलाच्या जुन्या दप्तरातले आलेख कागद काढले, पाच कागद खळीने लांबीला चिकटवले. एक मिलिमीटर म्हणजे एक दिवस. निळ्या पेनाने साडेएकोणतीस मिलिमीटरवर अमावास्या मारत गेले, लाल पेनाने साडेतीस मिलिमीटरच्या किंचित अलीकडे संक्रांती. सुरुवातीला निळी आणि तिच्या लगेच पुढे लाल, जोडीने. मग प्रत्येक वेळी लाल निळीपासून मिलिमीटरच्या आत-बाहेर आणखी पुढे सरकत जाते. चटईवर पालथी पडून मी खुणा मारत होते, आणि मीटरभर अंतर काटल्यावर दोन निळ्या खुणांच्या मधली जागा मोकळी आली. लाल नाहीच. तो मोकळा चौकोनांचा पट्टा पाहून मी खरोखर टाळी वाजवली. सासूबाईंनी विचारलं, काय सापडलं? म्हटलं, धोंडा सापडला.

मग यंदाचं पंचांग त्या नजरेने वाचलं. सूर्य १५ मेच्या सकाळी वृषभेत. अमावास्या १६ मेच्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास संपते, म्हणून १७ पासून नवा महिना. पुढची अमावास्या १५ जूनला सकाळी साडेआठच्या आसपास संपते. आणि सूर्य मिथुनेत कधी जातो? त्याच दिवशी, दुपारी एकच्या सुमारास. साडेचार तासांनी हुकला! साडेचार तासांसाठी अख्खा महिना बिननावाचा राहिला.

ठकी म्हणाली, "आणि तो साडेपाच तास आधी पोचला असता तर?"

जावयांच्या प्रश्नाचं उत्तर या प्रश्नात होतं. आधी पोचला असता तर हाच महिना साधा ज्येष्ठ झाला असता. मग पुढचा बघायचा: त्याची अमावास्या १४ जुलैला, आणि सूर्य कर्केत जातो १६ जुलैला. म्हणजे तो मोकळा राहिला असता आणि अधिक आषाढ झाला असता, २०१५ साली झाला होता तसा. मी पुढे जाऊन सण लावून पाहिले. वटपौर्णिमा यंदा २९ जूनला आहे, ती मेअखेरीला आली असती. पण आषाढी एकादशी? ती जागची हलत नाही. बिननावाचा महिना आधी आला काय नि नंतर आला काय, निज आषाढ, म्हणजे खरा आषाढ, तोच राहतो. साडेचार तासांच्या हुकण्याने वडाची पूजा महिनाभर पुढे गेली, आणि वारीला त्याचा पत्ताही नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कुठे वाचलंही नव्हतं. मी स्वतः काढलं. शाळा सुटल्यापासून असं काही स्वतः काढल्याचं आठवत नाही.

ठकी गुणीच होती असं नाही. एकदा मी मुद्दाम सांगितलं, "अधिक महिन्यात चंद्र हळू चालतो." ती म्हणाली, "अच्छा, म्हणून महिना जास्त होतो. कळलं बाई." मला धडकी भरली. पुस्तक चुकीचं शिकवू देत नाही, पोरं घरी जाऊन बापाला विचारतात. ही तर गपचूप मान डोलावते. तेव्हा आणखी एक नियम घातला: मी मधूनमधून चुकीचं सांगेन, पटलं नाही तर वाद घालायचा. त्यावर ती इतकी वाद घालू लागली की अमावास्या म्हणजे काय तेही सिद्ध करून द्यावं लागलं. आणि एकदा भूमिका विसरून तिने मला यंदाच्या तारखा सांगितल्या, ठामपणे, आणि त्या पंचांगाशी जुळेनात. तारखांसाठी पंचांग आणि प्रश्नांसाठी ठकी, अशी मग वाटणी केली.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते एका प्रश्नाने. "बाई, तुमच्या कागदावर लाल खुणा सारख्या अंतरावर आहेत. म्हणजे मोकळा महिना कुठलाही येऊ शकतो. मग अधिक पौष कधी येतो?"

मी अधिक पौष कधी ऐकला नव्हता. सासूबाईंना विचारलं, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, त्यांनीही नाही. अधिक चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, हेच नेहमीचे. ऐन थंडीतले नाहीत. चार दिवस मी हे घेऊन फिरत होते. शेवटी पंचांगातल्याच संक्रांतींमधले दिवस मोजले. मिथुनेत सूर्य जवळजवळ साडेएकतीस दिवस राहतो. धनूत साडेएकोणतीसही नाही. लाल खुणा सारख्या अंतरावर नाहीतच! माझा कागदच चुकला होता.

पृथ्वी सूर्याभोवती किंचित लांबट वाटेने फिरते. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५.२ कोटींवर. जवळ असताना वेगाने पळते, म्हणून थंडीत सूर्य राशी भराभर ओलांडताना दिसतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात रेंगाळतो. रेंगाळतो तेव्हा अमावास्या त्याच्या पुढे निघून जाते आणि महिना मोकळा राहतो. पळतो तेव्हा उलट: एकाच महिन्यात दोन संक्रांती बसण्याची पाळी येते, आणि मग महिना चक्क गाळतात. तो क्षयमास. तसा १९८२-८३ मध्ये आला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. घरात क्षयमासावर चर्चा चाललेली आठवते, मला तो काहीतरी अशुभ प्रकार वाटला होता. (आता तुम्ही विचाराल, जवळ असताना थंडी कशी? ठकीनेही विचारलं. ऋतू पृथ्वीच्या कलण्याने होतात, अंतराने नाही. हे मात्र मी भूगोलात नीट शिकवत होते.)

माळ्यावर माझ्या खर्चाच्या वह्या आहेत. १९ वर्षांत २३५ चांद्रमहिने जवळजवळ बरोबर बसतात, फरक काही तासांचाच, असं मी ठकीला सांगत होते. म्हणजे बारा एकोणिसे दोनशे अठ्ठावीस आणि वर सात अधिक. ती म्हणाली, "मग २००७ ला काय होतं?" २००७ ची वही काढली. १७ मे, गुरुवार: 'अधिक ज्येष्ठ सुरू. तांदूळ भिजत घातले.' तारीखसुद्धा तीच. खाली हिशेब, गूळ दोन किलो.

धोंड्याच्या जेवणाला जावई आणि लेक मे संपता संपता आले. पुरणाचे धोंडे, आमरस, कटाची आमटी. नको म्हणत असताना दिलेली चांदीची वाटी, आणि वाणाचे पितळी डब्यात तेहेतीस अनारसे. जेवण निम्म्यावर आलं आणि मी विषय काढला. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, ज्येष्ठच का." लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी आलेख कागदाची पट्टी आणली, दुसरी, सुधारलेली, लाल खुणा उन्हाळ्यात दूर आणि थंडीत जवळ असलेली. ताटांच्या मधून ती अंथरली. त्यावर आमरसाचा एक थेंब पडला, नेमका भाद्रपदावर.

जावयांनी सगळं ऐकलं. ठकीसारखेच मध्ये मध्ये अडवत होते, फक्त यांना नियम घालायची सोय नव्हती. पंधरा जूनच्या साडेचार तासांवर ते थांबले, बोटाने दोन खुणांमधलं अंतर मोजलं, आणि विचारलं, "म्हणजे दर साडेबत्तीस महिन्यांनी?"

"सरासरी," मी म्हटलं. 'साधारण' म्हणाले नाही.

त्यांनी डबा ओढला, एक अनारसा उचलून मधोमध मोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा परत डब्यात ठेवला. "मग आता वाण बरोबर झालं, आई."